पैशाचं सोंग

१९७७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात दोन भावांमध्ये दहा डॉलरची पैज लागली. त्यातला एक टिम मॅककर्नन, युनायटेड एअरलाइन्समध्ये विमानांचा मेकॅनिक. त्याचं म्हणणं असं, की अंगावर नुसतं पिंप चढवून मी फुटबॉलच्या सामन्याला गेलो, तर टीव्हीवाले मला दाखवल्याशिवाय राहणार नाहीत. भावाला ते पटेना. मॅककर्नननं एक पिंप मिळवलं, ऑरेंज क्रश या शीतपेयाच्या डब्यासारखं रंगवलं, खांद्यावरून पट्टे घेऊन अंगात अडकवलं आणि डेन्व्हर ब्राँकोजच्या सामन्याला जाऊन उभा राहिला. कॅमेरा आला. दहा डॉलर वसूल झाले.

पैज जिंकल्यावर शहाणा माणूस पिंप अंगणात नेऊन ठेवतो. मॅककर्नननं ते पुढची तीस वर्षं घातलं. डोक्यावर काउबॉय टोपी, पायांत बूट, मधे पिंप, आणि दंड-खांदे उघडे. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून एक मैल उंचीवर आहे आणि हंगाम ऐन थंडीत रंगतो. आजूबाजूची मंडळी कोटावर कोट घालून कुडकुडत असताना हा गृहस्थ गुडघे आणि खांदे उघडे टाकून बर्फात उभा. ‘बॅरल मॅन’ हे त्याचं नाव खेळाडूंच्या नावांइतकंच शहराला पाठ झालं. २००७ साली त्यानं पिंप उतरवलं आणि २००९ च्या डिसेंबरात, एकोणसत्तराव्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे अंगभर तिरंगा रंगवून, हातात शंख घेऊन भारताच्या सामन्यांना हजर राहणारा सचिन तेंडुलकरचा भक्त सुधीरकुमार सगळ्यांना ठाऊक आहे. पण असे आपल्याकडे थोडेच, आणि थोडे म्हणूनच लक्षात राहतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये मात्र असे सोंगाडे प्रत्येक संघापाशी डझनावारी सापडतात. कुणी कवटीचे मुखवटे आणि खांद्यांवर खिळे लावून येतो, कुणी कुत्र्याचं तोंड बसवून भुंकतो. क्लीव्हलँडच्या मैदानात तर गोलामागच्या एका अख्ख्या भागाला ‘डॉग पाउंड’ म्हणजे कुत्र्यांचा कोंडवाडा असंच नाव पडलं आहे.

ही हौस याच खेळात एवढी का फोफावली, याचं एक कारण घड्याळात आहे. अमेरिकन फुटबॉलचा सामना कागदावर साठ मिनिटांचा, प्रत्यक्षात तीन तासांहून जास्त चालतो. आणि त्या तीन तासांत चेंडू खरोखर हलतो किती वेळ? २०१० साली ‘वॉल स्ट्रीट जर्नल’नं काही सामने घड्याळ लावून मोजले, तेव्हा उत्तर आलं जेमतेम अकरा मिनिटं. उरलेला वेळ खेळाडू घोळका करून उभे असतात, पंच बोलत असतात, प्रशिक्षक कानाला यंत्र लावून येरझाऱ्या घालत असतात. टीव्हीच्या दिग्दर्शकानं तेवढा वेळ दाखवायचं काय? जाहिराती झाल्या, फेरदर्शन झालं, की कॅमेरा गर्दीकडे वळतो. गर्दीत पिंप घातलेला माणूस दिसला की त्याचं काम झालं.

दुसरं कारण पंचांगाचं. १९७८ पासून जवळजवळ चाळीसएक वर्षं एका हंगामात प्रत्येक संघाचे सोळा सामने असत, त्यातले घरच्या मैदानावर फक्त आठ. वर्षातून आठच वेळा येणारी गोष्ट सणासारखीच साजरी होणार. रविवारी सकाळपासून मैदानाबाहेरच्या वाहनतळात लोक गाड्यांची मागची दारं उघडून शेगड्या पेटवतात, मांस भाजतात, बिअर पितात. या प्रकाराला ‘टेलगेटिंग’ म्हणतात. नुसतं तिकीट दाखवून आत जाऊन बसणं हे तिथे अर्धवट मानलं जातं. अशा जत्रेत सोंगं उगवली नसती तरच नवल.

इथपर्यंत सगळी हौसच आहे. हौसेतून दानधर्म कसा निघाला ते बघायला वॉशिंग्टनला जावं लागतं, आणि सुरुवात डुकरांपासून करावी लागते.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या आणि घेऊन पळणाऱ्या खेळाडूंचं नाव होतं. त्यांच्यासाठी वाट काढणारे पाच दांडगे समोर भिंत करून उभे असतात, त्यांना कुणी विचारत नाही. चेंडूला हात न लावता, समोरच्या धिप्पाड माणसाला रेटत राहणं हे त्यांचं काम. वॉशिंग्टनच्या संघातला जो जेकोबी सहा फूट सात इंच उंच, वजन तीनशे पौंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १३६ किलो. १९८२ च्या सराव शिबिरात प्रशिक्षक जो ब्युगल यांनी आपल्या या हत्तींना ‘हॉग्ज’ म्हणून हाक मारली. हॉग म्हणजे डुक्कर. आपल्याकडे कुणाला डुक्कर म्हटलं तर प्रकरण हातघाईवर येईल. तिथेही ही काही स्तुती नव्हे. पण जेकोबी, रस ग्रिम, जेफ बॉस्टिक, मार्क मे, जॉर्ज स्टार्क या मंडळींनी ते नाव बिरुदासारखं मिरवलं.

त्याच हंगामाच्या शेवटी, ३० जानेवारी १९८३ ला, वॉशिंग्टन सुपर बोल या अंतिम सामन्यात मायामीविरुद्ध उतरलं. शेवटच्या टप्प्यात संघ १३–१७ असा मागे होता. चौथी आणि शेवटची संधी, गरज फक्त एका यार्डाची. हॉग्जनी समोरची भिंत फोडली आणि जॉन रिगिन्स चेंडू घेऊन एक नव्हे, त्रेचाळीस यार्ड पळाला. सामना २७–१७ नं खिशात गेला आणि बिनचेहऱ्याचे ते पाच दांडगे राजधानीचे लाडके झाले. दुकानांत डुकराची प्लॅस्टिकची नाकं विकायला आली.

१९८३ मध्येच त्या भागातल्या एका हौशी प्रेक्षकानं एका पार्टीला जाताना आपल्या आजीचा फ्रॉक अंगात घातला. लोक पोट धरून हसले. त्याला वाटलं, हॉग्ज जर डुकरं, तर त्यांच्या कौतुकाला डुकरिणी नकोत का? त्यानं मित्र गोळा केले आणि ‘हॉगेट्स’ जन्माला आल्या. पुढे तो ‘बॉस हॉगेट’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

पोशाख ठरून गेला. चांगला फुलाफुलांचा किंवा ठिपक्याठिपक्यांचा बायकी झगा, इंग्रज मडमा बागेतल्या मेजवानीला घालतात तशी रुंद काठाची टोपी, आणि नाकावर रबरी दोरानं कानामागे अडकवलेलं डुकराचं नाक. झगे मापाचे मिळणं ही अडचणच. पोट सुटलेल्या, नोकरीधंद्यातल्या, बायकापोरं असलेल्या पुरुषांच्या मापाचे फुलाफुलांचे फ्रॉक कोणत्या दुकानात टांगलेले असतात? मिशा मात्र ठेवलेल्या. ही बारीक गोष्ट महत्त्वाची आहे. बालगंधर्वांची स्त्रीभूमिका पाहताना पुरुष विसरला जायचा, त्यातच तिचं यश होतं. हॉगेट्सच्या सोंगाचा जीव पुरुष न विसरला जाण्यात होता. तमाशातली मावशी आठवावी, म्हणजे जात लक्षात येईल. बाईची नक्कल करण्यापेक्षा स्वतःचं हसं करून घेणं हा तिथे मुद्दा असतो.

वॉशिंग्टनच्या जुन्या आरएफके स्टेडियममध्ये एका बाजूचे बाक सरकवता येणारे होते, कारण तिथे बेसबॉलही खेळायचे. प्रेक्षक एकदम उड्या मारायला लागले की ते बाक खरोखर वरखाली हलत. त्या हलणाऱ्या बाकांच्या गर्दीत डझनभर झगे आणि नाकं कॅमेऱ्याला सापडणार नाहीत, हे अशक्यच होतं. एक-दोन हंगामांत साऱ्या देशानं त्यांना पाहिलं.

पण ही मंडळी पहिल्यापासून दुसरीकडेही जात होती. तेच झगे, तीच नाकं घालून ती लहान मुलांच्या इस्पितळांत जाऊ लागली. आजारी मुलासमोर तारांकित खेळाडू येऊन उभा राहिला, की मूल बुजतं आणि आई-बाप फोटो काढतात. मिशीवाला माणूस आजीच्या झग्यात, डुकराचं नाक लावून आला, तर मूल पहिल्यांदा दचकतं आणि मग त्या नाकाकडे हात नेतं. नाक ओढता येतं, सोडलं की फट्कन बसतं. सलाईन लावलेल्या हातालाही एवढा खेळ जमतो.

ज्या संस्थांसाठी हॉगेट्स उभ्या राहिल्या, त्यात रोनाल्ड मॅकडोनाल्ड हाउस हे एक ठळक नाव. या संस्थेची गोष्ट फुटबॉलमधूनच निघालेली आहे, म्हणून इथे थोडं आडवाटेनं जायला हरकत नाही. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा खेळाडू फ्रेड हिल याच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. तिच्या उपचारांच्या काळात त्यानं पाहिलं, की लांबून आलेले आई-बाप इस्पितळातल्या खुर्च्यांवर झोपतात आणि यंत्रातून मिळेल ते विकत घेऊन खातात. त्यानं संघातल्या सहकाऱ्यांना गाठलं. मुलांच्या कर्करोगावर उपचार करणाऱ्या डॉक्टर ऑड्री इव्हान्स यांना इस्पितळाजवळ असं एक घर हवंच होतं, जिथे या कुटुंबांना राहता येईल. मॅकडोनाल्डवाल्यांनी त्यांच्या हिरव्या शॅमरॉक शेकच्या विक्रीतून पैसे दिले आणि ऑक्टोबर १९७४ मध्ये पहिलं घर फिलाडेल्फियात उघडलं. आज जगभर अशी साडेतीनशेहून अधिक घरं आहेत. मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. परळच्या टाटा रुग्णालयात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा असतो, तोच हा प्रकार. गाडगेबाबांनीही चिंध्यांचा वेश आणि डोक्यावर गाडगं घेऊनच धर्मशाळांसाठी लाखो रुपये उभे केले. अर्थात बाबांचं ते सोंग नव्हतं, जगणं होतं.

‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही,’ असं आपण म्हणतो. हॉगेट्सच्या बाबतीत ही म्हण उलटी फिरली. सोंग आणलं, म्हणून पैसा आला. तो कसा आला, हे समजून घ्यायला आपला बहुरूपी उपयोगी पडतो. दारात खाकी कपडे घातलेला हवालदार येऊन ‘तुमच्या नावाचं वॉरंट आहे, चला चौकीवर’ म्हणून दरडावतो. घरातला माणूस क्षणभर चपापतो, मग ओळखतो, हसतो आणि खिशात हात घालतो. त्याच माणसापुढे कुणी हात पसरला असता तर त्यानं तोंड फिरवलं असतं. सोंगामुळे मागणाऱ्याचा संकोच जातो, आणि त्याहून मोठं म्हणजे देणाऱ्याचाही जातो. त्याला आपण भीक घालतो आहोत असं वाटत नाही, गमतीची बिदागी देतो आहोत असं वाटतं. इस्पितळासाठी देणगी मागायला गेलेला सुटाबुटातला मनुष्य समोरच्याला नकळत अपराधी करून टाकतो. डुकराचं नाक लावलेल्या माणसाला तसं करायचं म्हटलं तरी जमणार नाही.

हॉगेट्सच्या हिशेबानं तीस वर्षांत त्यांनी दहा कोटी डॉलरहून जास्त निधी उभा करायला हातभार लावला. हा आकडा वाचून जरा थांबलं पाहिजे. डझनभर माणसांनी डबे फिरवून दहा कोटी डॉलर जमत नाहीत. यातला ‘हातभार’ हा शब्द नीट वाचायला हवा. गोल्फच्या स्पर्धा, लिलाव, मिरवणुका, जेवणावळी अशा कार्यक्रमांना बोलावणं आलं की ही मंडळी जात, लोकांबरोबर फोटो काढून घेत, गर्दी खेचत. अशा कार्यक्रमांत गोळा झालेल्या पैशात त्यांचा वाटा नेमका किती, हे कुणी तराजूत घालून सांगू शकणार नाही. नेहमीच्या निधीसंकलनात उत्सवमूर्ती लागते, आणि ती मिळवायला पैसे मोजावे लागतात. हॉगेट्स या आयत्या, हसऱ्या, डझनभर उत्सवमूर्ती होत्या. आकड्याला थोडी कात्री लावली तरी काम लहान होत नाही.

आपल्याकडे मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये हीच युक्ती दर जानेवारीत दिसते. २००४ पासून चालू असलेल्या या धावण्यात कुणी झाड होऊन येतं, कुणी गांधीजी, कुणी अंगाखांद्यावर प्लॅस्टिकच्या बाटल्या लावून. सीएसएमटीच्या परिसरात सकाळी उभं राहिलं की लक्षात येतं, वृत्तपत्राचा छायाचित्रकार सरळ टी-शर्टवाल्या हजारांना सोडून त्या झाडाकडे धावतो. आणि झाडाच्या पाठीवर ज्या संस्थेचं नाव असतं, ते दुसऱ्या दिवशी छापून येतं.

सोंगाला दुसरी बाजूही आहे. वॉशिंग्टनच्याच मैदानावर १९७८ पासून ‘चीफ झी’ नावाचा एक प्रेक्षक यायचा. झेमा विल्यम्स हे त्याचं खरं नाव. डोक्यावर पिसांचा मोठा मुकुट, हातात कुऱ्हाड, अंगावर लाल वेश, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या सरदाराची नक्कल. संघाचं तेव्हाचं नावही त्याच लोकांवरून घेतलेलं, आणि ते अनेकांना शिवीसारखं लागायचं. १९८३ साली, म्हणजे हॉगेट्स जन्मल्या त्याच वर्षी, चीफ झी फिलाडेल्फियाच्या मैदानात गेला आणि तिथल्या ईगल्सप्रेमींनी त्याला एवढं मारलं, की पाय मोडला आणि पोशाख फाटला. ज्या शहरानं आजारी मुलांच्या आई-बापांसाठी पहिलं घर उघडलं, तेच हे शहर. गर्दीचं काही सांगता येत नाही. चीफ झी बरा झाला, पुन्हा आला, आणि २०१६ मध्ये मरेपर्यंत वॉशिंग्टनचं दैवत राहिला.

त्यानंतर चारच वर्षांत हवा पालटली. २०२० च्या जुलैत वॉशिंग्टननं जुनं नाव टाकलं. ऑगस्टमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सनं आपल्या मैदानात पिसांचे मुकुट आणि मूळ रहिवाशांची नक्कल करणारे रंगवलेले चेहरे घेऊन यायला बंदी केली. चीफ झीचा माणूस म्हणून लोभ करणारे लोकही आज त्याचं छायाचित्र पाहताना जरा अडखळतात. स्वतःचं हसं करणारं सोंग टिकतं, दुसऱ्याच्या पूर्वजांचं हसं करणारं कालांतरानं खुपायला लागतं. चीफ झीच्या वाट्याला हे भान आलं नाही, एवढंच म्हणता येईल.

त्याच कॅन्सस सिटीत मुखवट्याचा आणखी एक नमुना निघाला, तो मात्र कादंबरीत शोभावा असा. ‘चीफ्सअहोलिक’ या नावानं समाजमाध्यमांवर वावरणारा एक तरुण करड्या लांडग्याच्या पोशाखात सामन्यांना यायचा. गावोगावच्या सामन्यांची महागडी तिकिटं, मोठमोठ्या पैजा. लोकांना वाटे, बेट्याकडे बक्कळ पैसा आहे. १६ डिसेंबर २०२२ ला ओक्लाहोमातल्या बिक्सबी गावात एका पतसंस्थेवर दरोडा पडला आणि पोलिसांनी पकडलेला दरोडेखोर निघाला हाच लांडगा. जामिनावर सुटल्यावर पायातलं पाळतीचं यंत्र कापून तो पळाला, कॅलिफोर्नियात पुन्हा सापडला. वेगवेगळ्या राज्यांतल्या बँका आणि पतसंस्थांमधून त्यानं आठ लाख डॉलरहून जास्त लुटले होते आणि जुगाराच्या अड्ड्यांवर ते धुऊन काढले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. जप्त झालेल्या मालात चीफ्सचा तारा पॅट्रिक माहोम्स याचं सही केलेलं चित्रही होतं. मैदानात मुखवटा, बँकेतही मुखवटा. हॉगेट्सनी सोंग घेऊन पैसा जमवला तसा यानंही जमवला, असं म्हणण्याचा मोह होतो.

आता आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या फुटबॉलकडे. तिथे पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला गर्दीकडे वळायला फुरसत कमी. सोंगं दिसतात ती मुख्यतः देशादेशांच्या सामन्यांत, परदेशी निघालेल्या पाठीराख्यांच्या अंगावर. त्यात स्कॉटलंडच्या ‘टार्टन आर्मी’ला तोड नाही. कमरेला चौकड्याचा किल्ट, वर संघाचा गडद निळा शर्ट, पायांत लोकरी मोजे आणि बूट. किल्ट हा त्यांचा राष्ट्रीय पोशाख, त्याला सोंग म्हणता येणार नाही. डोक्यावरची ‘सी यू जिमी’ टोपी मात्र अस्सल सोंग. चौकड्याची गोल टोपी आणि तिच्याखालून लोंबणारे भडक तांबडे खोटे केस. स्कॉटिश माणसाची टिंगल करणाऱ्या दूरदर्शनवरच्या एका पात्रावरून आलेली ही टोपी स्कॉटिशांनीच उचलली. हॉग्जनी डुक्कर हा शब्द उचलला तशी.

ही सेना एकेकाळी बदनाम होती. जून १९७७ मध्ये वेम्बलीवर इंग्लंडला २–१ हरवल्यावर हजारो स्कॉटिश मैदानात घुसले, गोलाचा आडवा दांडा मोडला आणि हिरवळ खणून घरी नेली. पुढे इंग्लिश पाठीराखे युरोपभर मारामाऱ्यांसाठी कुप्रसिद्ध झाले, तेव्हा आपण त्यांच्यासारखे नाही हे दाखवण्याची स्कॉटिशांना हौस आली. दारू तेवढीच, गाणी तेवढीच, पण हाणामारी नाही. सज्जनपणाला शेजाऱ्यावरची खुन्नस कारणीभूत व्हावी, यात काही वावगं नाही. परिणाम चांगला झाला.

१९९९ साली स्कॉटलंडचा सामना सारायेवोला होता. बोस्नियातलं युद्ध संपून जेमतेम चार वर्षं झालेली, भिंतींवर गोळ्यांची भोकं तशीच. तिथे किल्टवाल्यांची गाठ एका मुलाशी पडली. तोफगोळ्यानं त्याचा पाय गेला होता. त्यांनी त्याच्यासाठी पैसे जमवले, संबंध ठेवला. त्यातून विचार निघाला, की आपण नाहीतरी दर वर्षी पाच-सहा परक्या गावांत जाऊन दंगा करतो, तर जाताना तिथल्या मुलांसाठी काहीतरी ठेवून का येऊ नये? २००३ पासून ‘टार्टन आर्मी सनशाइन अपील’ या नावानं हा रिवाज बसला. स्कॉटलंडचा सामना परदेशात जिथे असेल, तिथल्या आजारी, अपंग किंवा निराधार मुलांच्या एखाद्या स्थानिक संस्थेला देणगी जाते, बहुतेक वेळा पाच हजार पौंडांच्या घरात. सामन्याच्या आदल्या किंवा त्याच दिवशी किल्ट घातलेली चार-सहा माणसं एखाद्या बालगृहात जातात, कुणाबरोबर बॅगपाइप असतो, खेळणी असतात. रात्री संघ हरतो. निदान बराच काळ तरी हरायचाच. संघाच्या नशिबाशी देणगीचा संबंध ठेवला असता, तर त्या मुलांना वर्षानुवर्षं वाट बघावी लागली असती.

याच्या बरोबर उलट रीत बफेलोची. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या या बर्फाळ शहराचा बिल्स संघ सतरा वर्षं बाद फेरीत पोचला नव्हता. ३१ डिसेंबर २०१७ ला, भलत्याच एका सामन्यात, सिनसिनाटीच्या अँडी डाल्टननं शेवटच्या मिनिटात एक लांब फेक केली, बाल्टिमोर हरलं आणि बफेलोचं नशीब उघडलं. बिल्सच्या पाठीराख्यांनी डाल्टनच्या आजारी मुलांसाठीच्या संस्थेला आभाराचे सतरा-सतरा डॉलर पाठवायला सुरुवात केली. काही दिवसांत अडीच लाख डॉलरच्या वर रक्कम गेली. तेव्हापासून देणं ही बफेलोची सवयच झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये बिल्सचा जॉश ॲलन याची आजी वारली. त्याच्या शर्टाचा क्रमांकही योगायोगानं सतराच. पुन्हा सतरा-सतरा डॉलर, या वेळी शहरातल्या ओइशाय बाल रुग्णालयाला. बेरीज दहा लाखांपलीकडे गेली आणि रुग्णालयानं दहाव्या मजल्यावरच्या एका विभागाला त्या आजीचं, पॅट्रिशिया ॲलनचं, नाव दिलं.

बफेलोची ही ‘बिल्स माफिया’ म्हणवणारी गर्दी तशी सोंगाढोंगात कुणाला हार जाणारी नव्हे. वाहनतळात गाडीच्या टपावरून घडीच्या टेबलावर उडी मारून ते मोडणं हा त्यांचा आवडता खेळ. पण पैसे गोळा करताना ना मुखवटा लागला, ना झगा. सोंगाची जागा एका आकड्यानं घेतली. हजारो लोकांत उभं राहून कॅमेऱ्यात येण्याची गरज फोननं संपवली. २ जानेवारी २०२३ ला बिल्सचा डमार हॅमलिन मैदानात कोसळला, त्याचं हृदय थांबलं. त्यानं पूर्वी मुलांच्या खेळण्यांसाठी अडीच हजार डॉलरचं लक्ष्य ठेवून एक निधी उघडला होता. तो अजून चालू आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि काही दिवसांत त्यात ऐंशी लाखांहून जास्त डॉलर पडले. हॅमलिन वाचला, पुन्हा खेळला.

हॉगेट्सना त्यांच्या तीस वर्षांत इतक्या झपाट्यानं एवढे पैसे एका कार्यक्रमात कधी मिळाले नसतील. त्यांची पद्धत संथ होती. दर खेपेला नाक लावून कुणाच्या तरी दारात जाऊन उभं राहावं लागे. शिवाय झग्यातली माणसं साठीकडे झुकली. ६ जानेवारी २०१३ ला वॉशिंग्टननं सिएटलकडून बाद फेरीत २४–१४ असा मार खाल्ला. त्याच सामन्यात संघाचा तरणाबांड तारा रॉबर्ट ग्रिफिन याचा गुडघा गेला. त्यानंतर काही दिवसांतच हॉगेट्सनी जाहीर केलं, की आता पुरे.

दहा वर्षांनी, १ जानेवारी २०२३ ला, वॉशिंग्टनच्या क्लबनं, आता ‘कमांडर्स’ या नव्या नावानं, स्वतःचं अधिकृत डुक्कर मैदानात आणलं. मेजर टडी त्याचं नाव, डोक्यावर लष्करी शिरस्त्राण. मूळ हॉग्जपैकी काही जणांनी त्याच सुमाराला आक्षेप घेतला. आमच्या नावावर क्लबनं परस्पर धंदा मांडला, असं त्यांचं म्हणणं, आणि वकिलांचे कागद निघाले. १९८२ च्या शिबिरात प्रशिक्षकानं सहज फेकलेल्या त्या शब्दाचा मालक कोण, यावर जेकोबी, मे, रिगिन्स ही साठी ओलांडलेली मंडळी क्लबाशी भांडत होती. आजीच्या झग्यांची मालकी मात्र कुणी सांगितली नाही.